धावपटूचे घड्याळ आणि रस्त्याचे खरे अंतर

पहाटेच्या वेळी मीरा रोडच्या शांतीनगरापासून भाईंदर पश्चिमेच्या सुभाषचंद्र बोस मैदानापर्यंत कोठेही नजर टाकली, तर धावणारी माणसे दिसतात. त्यांत ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. एक वर्ग आरोग्यासाठी किंवा हौसेने धावणाऱ्यांचा. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन किंवा शेजारच्या वसई-विरार महापौर मॅरेथॉनकडे त्यांचे लक्ष असते. दुसरा वर्ग पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय स्वतंत्रपणे सुरू झाल्यापासून आपल्या भागातील तरुणांना भरतीचे मैदान अधिक जवळचे वाटू लागले आहे. आमच्या निवासी शाळेतून दहावी-बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण या दुसऱ्या वर्गात असतात, हे पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको.

या दोन्ही वर्गांच्या मनगटावर अथवा खिशात आज उपग्रहांच्या साहाय्याने अंतर मोजणारे यंत्र असते. घड्याळ म्हणते पाच किलोमीटर झाले, की ते झाले असे आपण मानतो. पहिल्या वर्गासाठी या आकड्यातील चूक म्हणजे थोडी चिडचिड. दुसऱ्यासाठी ती गुणपत्रिकेतील गुणांची, म्हणजेच पोटापाण्याची बाब ठरू शकते. म्हणून हे घड्याळ अंतर कसे मोजते, ते कोठे चुकते आणि त्या चुकीचे काय करावे, याचा अभ्यास या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावा असे आम्हांस वाटले.

घड्याळ मोजते ते काय?

घड्याळ अंतर मोजतच नाही. ते मोजते वेळ. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि प्रत्येक उपग्रह आपली जागा व नेमकी वेळ रेडिओ लहरींवरून सतत सांगत असतो. लहर निघाली केव्हा आणि मनगटापर्यंत पोहोचली केव्हा यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले, की उपग्रहापासूनचे अंतर मिळते. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे वेळ मोजताना सेकंदाच्या एका दशलक्षांशाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते.

उपग्रहांवर अणुघड्याळे असतात. मनगटावरच्या यंत्रात मात्र साधे स्फटिकाचे घड्याळ असते. म्हणून अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञात राशींबरोबर स्वतःच्या घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात राशीही त्याला सोडवावी लागते, आणि त्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. चार अज्ञातांसाठी चार समीकरणे, हा बीजगणिताचा नियम नववीच्या मुलांनाही पटतो. याच ठिकाणी आइन्स्टाइनचा सापेक्षतावादही आपल्या मनगटावर येतो: उपग्रहावरील घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक अंतराची चूक साचेल.

मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी वापराच्या लहरींत मुद्दाम चूक मिसळलेली होती. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत हुकत असे. ती भेसळ थांबल्यावर ही विद्या सामान्यांच्या उपयोगाची झाली, आणि २००३ मध्ये गार्मिन कंपनीचे फोररनर हे धावपटूंसाठीचे घड्याळ बाजारात आले. आज जीपीएसखेरीज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बायडू या व्यवस्थाही घड्याळे वापरतात. आपल्या भारताची नाविक व्यवस्था इस्रोने उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. त्या पिढीतील उपग्रहांवर परदेशी अणुघड्याळे होती आणि त्यांतील काही पुढे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर स्वदेशी रुबिडियम अणुघड्याळ आहे, आणि लहान यंत्रांना सोयीची एल-१ ही लहरही त्यावरून प्रथमच दिली जाऊ लागली.

जागा चुकणे वेगळे, अंतर चुकणे वेगळे

जागेची चूक आणि अंतराची चूक या एकच गोष्टी नाहीत, आणि बहुतेक वादांचे मूळ या गफलतीत असते.

उपग्रहाची लहर पृथ्वीजवळ येताना आयनांबर या विद्युतभारित थरातून जाते व किंचित मंदावते. विषुववृत्ताजवळ सूर्याच्या प्रखरतेने तयार झालेल्या या भारांचा एक दाट पट्टा भारताच्या मध्यभागावरून जातो. त्यामुळे आपल्याकडे ही अडचण युरोप-अमेरिकेपेक्षा मोठी असते. पण ही चूक हळूहळू बदलते. समजा, तिच्यामुळे घड्याळाने तुमचा सारा मार्ग पाच मीटर पूर्वेला सरकवून दाखविला. नकाशावर तुम्ही रस्त्याऐवजी शेजारच्या गटारावरून धावताना दिसाल; परंतु मार्गाची लांबी जवळजवळ तीच राहील. अंतर बिघडविते ती चूक वेगळी असते: एका क्षणाकडून दुसऱ्या क्षणाकडे जाताना जिची दिशा बदलत राहते ती.

अशी चूक मीरा रोडच्या उंच इमारतींमध्ये मुबलक मिळते. तेथे उपग्रहाची लहर सरळ येण्याऐवजी समोरच्या इमारतीवर आपटून येते. वीस मीटरचा वळसा घेऊन आलेली लहर घड्याळाला वीस मीटर अधिक दूरचा उपग्रह दाखविते. दोन पावले पुढे गेलात की दुसरी इमारत, दुसरा परावर्तनाचा कोन आणि दुसरी चूक. मुख्य रस्त्यावरील मेट्रोच्या उन्नत मार्गाखालून धावताना डोक्यावरचे आकाशच झाकले जाते. याउलट उत्तनच्या वाटेवर किंवा मिठागरांच्या बाजूस आकाश चहूकडे मोकळे असते, आणि तेच घड्याळ तेथे शहाण्यासारखे वागते. घोडबंदर रस्त्यावर चेणेच्या बाजूस एकीकडे डोंगर व वर झाडी असते. पावसाळ्यात ओली पाने लहरींना आणखी दुबळी करतात. म्हणजे घड्याळ चांगले की वाईट, हा प्रश्न रस्त्याचे नाव सांगितल्याशिवाय अर्धाच राहतो.

आता गणित पाहू. एक धावपटू सरळ रस्त्यावरून जात आहे आणि घड्याळ दर दहा मीटरला एक बिंदू टिपते. समजा, चुकीमुळे एक बिंदू तीन मीटर डावीकडे पडला, पुढचा तीन मीटर उजवीकडे, आणि असेच पुढे. मग प्रत्येक दहा मीटरच्या जागी घड्याळ एका काटकोन त्रिकोणाचा कर्ण मोजते, ज्याच्या बाजू १० व ६ मीटर आहेत. पायथागोरसच्या सिद्धान्ताने हा कर्ण ११.६६ मीटर येतो. प्रत्यक्षात चूक इतकी नियमित नागमोडी नसते, लागोपाठच्या बिंदूंच्या चुका बऱ्याच अंशी एकसारख्या असतात, आणि घड्याळातील गणिती चाळण हा वाकडेपणा सपाट करते. त्यामुळे वाढ सोळा टक्के न राहता बहुधा एक-दोन टक्क्यांवर येते. दिशा मात्र तीच: आडवी चूक डावीकडे असो वा उजवीकडे, कर्ण पायापेक्षा लांबच असतो. म्हणून सरळ रस्त्यावर, इमारतींच्या गर्दीत, घड्याळाचा कल अंतर वाढवून दाखविण्याकडे असतो.

वळणांवर याच्या उलट घडते. बॅटरी वाचविण्यासाठी काही घड्याळे दर सेकंदाऐवजी पाच-सहा सेकंदांनी एक बिंदू नोंदवितात. ४०० मीटरच्या मैदानाच्या अर्धवर्तुळावर वीस मीटरची कमान धावणाऱ्याचे घड्याळ दोन बिंदूंना जोडणारी जीवा मोजते आणि ती १९.७५ मीटर भरते. एका फेरीतील सुमारे २३१ मीटर वळणांवर जवळपास तीन मीटर असेच गळून जातात.

शर्यतीचा रस्ता कोण मोजतो?

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. शर्यत संपताच पुष्कळ धावपटूंची घड्याळे ४२.६ किंवा ४२.८ दाखवितात, आणि आयोजकांनी रस्ता चुकीचा मोजला अशी कुजबुज सुरू होते. वस्तुतः प्रमाणित शर्यतीचा मार्ग उपग्रहाने नव्हे, तर सायकलने मोजतात. हे ऐकून आमचे विद्यार्थी प्रथम हसतात! परंतु पद्धत अत्यंत काटेकोर आहे. सरळ रस्त्यावर किमान ३०० मीटरची एक रेषा पोलादी फितीने मोजून आखतात. सायकलच्या पुढील चाकाला जोन्स गणक नावाचा छोटा आकडेमोड करणारा भाग लावतात. चाकाच्या एका फेऱ्याचे तो तेवीसहून अधिक भाग मोजतो, म्हणजे एक आकडा पुढे सरकणे हे साधारण नऊ सेंटिमीटरचे असते. त्या आखलेल्या रेषेवरून सायकल अनेकदा नेऊन एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते ठरवितात, मग सारा मार्ग मोजतात, आणि शेवटी पुन्हा त्याच रेषेवर येऊन तपासतात; कारण ऊन वाढले की टायरमधील हवा प्रसरण पावते आणि चाकाचा परीघ बदलतो. इतके करूनही मार्ग आखडता पडू नये म्हणून प्रत्येक किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे जादा अंतर ४२ मीटर होते.

हा मार्ग मोजताना सायकलस्वार शक्य तितका जवळचा, वळणाच्या आतल्या कडेने जाणारा रस्ता धरतो. हजारोंच्या गर्दीत धावणाऱ्याला तो धरता येत नाही. एका काटकोनी वळणावर तुम्ही दहा मीटर बाहेरून गेलात, तर १५.७ मीटर अधिक धावता. पाण्याच्या टेबलाकडे तिरपे जाणे, पुढच्याला ओलांडणे, हे सारे त्यात मिळविले, की घड्याळातील जादा अंतराचा काही भाग खरोखरच धावलेला असतो! उरलेला भाग घड्याळाच्या चुकीचा.

सायकलने मोजणारेही माणसेच असतात, हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडमधील मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३, २०१४ व २०१५ अशी सलग तीन वर्षे ३८० मीटरने कमी होता, हे नंतर उघड झाले आणि त्या वर्षांच्या वेळा अधिकृत म्हणून ग्राह्य राहिल्या नाहीत. म्हणून आयोजकांवर शंका घेणे हा गुन्हा नव्हे. पण ती शंका एका घड्याळाच्या बळावर घेणे अपुरे आहे.

घड्याळावर भिस्त ठेवण्याची किंमत किती ते पाहा. चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करावयाची, तर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंदांची गती हवी. एखाद्याने घड्याळात तंतोतंत तीच गती राखली, पण शेवटी घड्याळाने ४२.८ किलोमीटर दाखविले, तर त्याला ४ तास ३ मिनिटे १५ सेकंद लागतील. अनुभवी धावपटू म्हणूनच रस्त्यावरील किलोमीटरच्या फलकापाशी स्वतः घड्याळाची कळ दाबून वेळ नोंदवितात. अंतर फलकाचे आणि वेळ घड्याळाची, अशी ही विभागणी आहे.

अंतरांच्या नोंदी पारखून घेण्याची ही रीत आपल्या परंपरेला नवखी नाही. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगने एका बौद्ध स्थळापासून दुसऱ्यापर्यंतची दिशा व 'ली' या चिनी मापातील अंतरे लिहून ठेवली. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याच नोंदी हाती घेऊन विस्मृतीत गेलेली अनेक बुद्धस्थाने शोधली. पण नोंद जुळली एवढ्यावर ते थांबत नसत. जमिनीवर जाऊन विटा, शिलालेख व स्तूपांचे अवशेष पाहून मगच निष्कर्ष काढीत. वसईच्या खाडीपलीकडील सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले, तेही असेच प्रत्यक्ष पाहण्याचे काम होते. धम्मात यालाच 'एहिपस्सिको' म्हणतात: या आणि पाहा. यंत्राच्या काचेवर आकडा उमटला म्हणून तो खरा मानणे या रीतीत बसत नाही.

भरतीचे १६०० मीटर

आता ज्या प्रश्नाने आम्ही हा लेख हाती घेतला, त्याकडे वळू. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि गुण वेळेच्या टप्प्यांनुसार मिळतात. घरी सराव करणारा मुलगा इमारतींमधल्या रस्त्यावर धावतो. समजा, त्याचे घड्याळ किंवा मोबाइल तीन टक्के अंतर वाढवून दाखविते. घड्याळात १६०० मीटर झाले, तेव्हा तो प्रत्यक्षात १५५३ मीटर धावलेला असतो. सेकंदाला पाच मीटर या वेगाने उरलेल्या ४७ मीटरसाठी आणखी नऊ सेकंदांहून अधिक काळ लागतो. महिनोन्‌महिने ज्या वेळेवर त्याने विश्वास ठेवला, ती भरतीच्या मैदानावर नऊ सेकंदांनी घसरते आणि गुणांचा एखादा टप्पा हातचा जाऊ शकतो. त्यात त्याच्या मेहनतीचा दोष नसतो. महागड्या घड्याळाचा ग्राहक दोन लहरी वापरणारे यंत्र घेऊ शकतो. एल-५ ही दुसरी लहर परावर्तित लहरीला खऱ्या लहरीपासून अधिक चांगले वेगळे करते, आणि २०२२ पासून गार्मिन, ॲपल इत्यादींच्या वरच्या श्रेणीतील घड्याळांत ती सोय आहे. पण गरीब घरच्या मुलाने त्यासाठी कर्ज काढावे असे आम्ही कधीही सांगणार नाही. त्याला पोलादी फीत पुरते.

लहान मैदानावर २०० मीटरची फेरी अशी आखावी. आधी ५० मीटर लांब व ३१.४४ मीटर रुंद असा आयत घ्यावा. त्याचे दोन्ही कर्ण ५९.०६ मीटर भरले की कोपरे काटकोनात आहेत असे समजावे. लांब बाजू या दोन सरळ धावपट्ट्या. आखूड बाजूंच्या मध्यावर खुंटी ठोकून १५.७२ मीटर त्रिज्येने दोन्ही टोकांना अर्धवर्तुळे फक्कीने आखावीत. सुताची दोरी ताणली जाते, म्हणून त्रिज्येसाठीही पोलादी फीतच धरावी. धावण्याचे अंतर फक्कीच्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजतात, हे या त्रिज्येत आधीच धरले आहे. अशा आठ फेऱ्या म्हणजे १६०० मीटर, चार फेऱ्या म्हणजे ८००.

येथे एक सावधगिरी हवी. सारी फेरी रेषेपासून आणखी एक मीटर बाहेरून धावली, तर प्रत्येक फेरीत ६.२८ मीटरची भर पडते. आठ फेऱ्यांत ती ५० मीटर होते. गटाने धावताना बाहेरच्या मुलाची वेळ वाईट येते आणि तो खचतो, त्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते. शिक्षकांनी व पालकांनी वेळ लावताना कोण कोठून धावले हे पाहावे. ४०० मीटरच्या प्रमाणित मैदानावरही हाच नियम आहे: पहिल्या पट्टीत ४०० मीटर होतात, तर आठव्या पट्टीत पूर्ण फेरी सुमारे ४५३ मीटरची.

ज्यांना रस्त्यावरच सराव करणे भाग आहे, त्यांनी घड्याळाची परीक्षा घ्यावी. सराव सुरू करण्यापूर्वी मोकळ्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटे उभे राहावे, कारण प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती तीस सेकंदांच्या फेऱ्याने पाठवितो आणि ती पूर्ण मिळाल्याशिवाय सुरुवातीचे बिंदू भरकटतात. बॅटरी वाचविणारी पद्धत बंद करून दर सेकंदाची नोंद ठेवावी. मग नेहमीच्या रस्त्यावर, रहदारी नसताना, फितीने ४०० मीटर मोजून खूण करावी आणि ते अंतर पाच वेगवेगळ्या दिवशी धावावे. समजा, घड्याळाने ४०५, ४१२, ३९८, ४०९ व ४०६ मीटर दाखविले. सरासरी ४०६ आली. म्हणजे त्या रस्त्यावर घड्याळ दीड टक्का वाढवून सांगते, आणि तेथे खरे १६०० मीटर हवे असतील तर घड्याळात १६२४ दिसेपर्यंत धावले पाहिजे. हा गुणक त्याच रस्त्यापुरता. मिठागरांच्या बाजूला गेलात की तो पुन्हा काढावा लागेल. शिवाय सर्वांत कमी व सर्वांत अधिक आकड्यांत १४ मीटरचे अंतर आहे, तेही लक्षात ठेवावे: सरासरीचा कल दुरुस्त करता येतो, पण एकाच दिवसाच्या एकाच धावेवरून आपली वेळ दोन सेकंदांनी सुधारली की बिघडली, हे असे घड्याळ सांगू शकत नाही. त्यासाठी फितीने मोजलेली खूण आणि हातातील साधे स्टॉपवॉच वापरावे.